तात्याबांचे काटेचेंडू

काटा चांगला दोन इंचांचा होता, बाभळीचा. रामलिंग समोरच्या स्टुलावर पाय ठेवून बसला होता. मी चिमट्याने त्याच्या टाचेतून काटा ओढत होते आणि तो मला त्यांच्या गावच्या बैलबाजाराची हकिकत सांगत होता. एका खिलार बैलाने दावं तोडून कशी धूम ठोकली आणि सगळा बाजार त्याच्यामागे कसा पळाला, ते. त्याचा आवाज मध्ये एकदाही अडखळला नाही. काटा बाहेर आला, त्यामागून पू आला, आणि बैल अजून पळतच होता.

“रामलिंग, किती दिवस होता हा काटा आत?”

त्याने वाकून माझ्या चिमट्याकडे पाहिलं. “काटा व्हता व्हय?”

ही त्र्याऐंशी सालची गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते. नगरला नर्सिंग करून सोलापूर जिल्ह्यातल्या एका माळावरच्या कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात लागले होते. तिथे गेल्यावर पहिली गोष्ट शिकले ती ही, की हा रोग बोटं खात नाही. तो नसा मारतो. मग हाताला विस्तव कळत नाही, पायाला काटा कळत नाही, आणि न कळलेली जखमच माणसाला खाते. म्हणून आम्ही पेशंटना रात्रंदिवस एकच पढवायचो: अनवाणी फिरू नका, फडक्याशिवाय भांडं उचलू नका, संध्याकाळी स्वतःचे हातपाय डोळ्यांनी तपासा. दुखत नसेल तर जास्त घाबरा.

रामलिंगची पट्टी करून मी हात धुवायला मागच्या नळावर गेले आणि तिथेच थबकले.

ड्रेसिंगरूमच्या मागे तात्याबांचा वाफा होता. तात्याबा होनमाने साठीचे. मूळचे मेंढपाळ, जतकडचे. त्यांचा रोग केव्हाच बरा झाला होता, पण दोन्ही हातांची बोटं आत वळलेली आणि हात मनगटाच्या वरपर्यंत बधिर. घरून कुणी न्यायला आलं नाही, म्हणून ते तिथेच राहिले आणि बाग सांभाळू लागले. पुढच्या अंगणातले क्रोटन, जास्वंद, तगर सगळं त्यांच्याच हातचं. जूनमध्ये त्यांनी माझ्याकडे ही मागची जागा मागितली होती. “जरा फुलझाडं लावतो, बाई,” म्हणाले होते. मी हो म्हटलं आणि विसरून गेले. सुरुवातीला तिथे जमिनीला चिकटून पसरलेली, कातरल्यासारखी पानं तेवढी दिसायची. आता सप्टेंबर सरत आला होता आणि माझ्यासमोर कमरेएवढी झाडं ओळीने उभी होती. पानापानाच्या टोकाला काटा. देठावर काटे. शेंड्याला हिरवे गोळे धरले होते, त्यांनाही चहूबाजूंनी काटे.

“तात्याबा!”

ते झाडाआडून उठले. हातात खुरपं होतं. मूठ घट्ट धरता येत नाही म्हणून ते फडक्याने मनगटाला बांधायचे.

“हे काय लावलंय तुम्ही?”

“उटकटारी हाय, बाई. काटेचेंडू म्हणत्यात. आमच्या माळाला लय असत्यात.”

“ह्याला फुलझाड म्हणता? आत्ता मी एकाच्या पायातून काटा काढून आले. आणि तुम्ही दवाखान्याच्या भिंतीला काट्यांचं शेत लावलंय?”

“शेत न्हाय. दोनच वळी हायत्या.” त्यांनी झाडांकडे असं पाहिलं, जसं कुणी शाळेतून तक्रार आलेल्या लेकराकडे पाहतं. “बी माळावरनं आणलं. हितली माती लय चांगली, मग त्यात मुरूम कालवला. खत घातलं की ही माजत्यात, आडवी पडत्यात. त्येंला हाल लागत्यात.”

“उपटून टाका.”

त्यांनी वाकून एका झाडाच्या बुडाशी माती सारखी केली.

“अहो, पण कशासाठी? क्रोटन लावा, शेवंती लावा.”

“शेवंती समदी तोडून नेत्यात. देवाला, डोक्यात घालाया.” मग थोडं थांबून म्हणाले, “ह्येला शेरडंमेंढरं तोंड लावत न्हाईत. माणसं तोडत न्हाईत. ज्येचं त्यो आपल्या जागंवर फुलतंय. एकडाव फुलू द्या, बाई. मग उपटा.”

मी कडक होते, तरी इतकी नव्हते. अट घातली, की वाफ्याभोवती गुडघ्याएवढा दगडांचा बांध घालायचा, आणि त्यांच्याशिवाय कुणी आत पाऊल टाकायचं नाही. तात्याबांनी चार दिवसांत बांध घातला. एकेक दगड दोन्ही मनगटांमध्ये धरून आणत होते.

त्याच पावसाळ्यात यमुना आमच्याकडे आली होती. यमुना कासार, वय अठ्ठावीस, मंगळवेढ्याकडची. त्यांचा पिढीजात धंदा बांगड्या भरण्याचा. बाजाराला, जत्रेला दुकान लावायचं आणि बायकांच्या हातात काचेच्या बांगड्या चढवायच्या. हे काम नुसतं बोटांचं. समोरच्या बाईचा पंजा किती दबतो, हाड कुठे अडतं, काच कधी ताणली जाते, हे बोटांनाच कळावं लागतं. मे महिन्यात एका बाईच्या हातात बांगडी फुटली आणि रक्त आलं. बाई ओरडली. यमुनाने पाहिलं तर रक्त तिच्या स्वतःच्याही तळव्यातून वाहत होतं. काच आत रुतली होती आणि तिला पत्ता नव्हता.

तिच्या उजव्या हाताच्या नसा सुजल्या होत्या, कोपराजवळची आणि मनगटातली. डॉक्टर तळवलकरांनी रोगाची औषधं दिलीच, शिवाय नसांची सूज उतरवायच्या गोळ्या चालू केल्या. नस नुकती बिघडलेली असली तर कधी कधी परत येते. सहा महिन्यांत आली तर आली.

दर आठवड्याला तिचा हात मी तपासायचे. तिने डोळे मिटायचे, मी पेनच्या टोकाने तळव्यावर, बोटांवर हलकेच टेकवायचं, आणि टेकवलं तिथे तिने डाव्या हाताने बोट ठेवायचं. पहिल्या दिवशी तिने एकही जागा दाखवली नाही. दुसऱ्या आठवड्यात ती झरझर दाखवायला लागली. मी आनंदाने डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पेन टेकवलंच नाही, नुसतं विचारलं, “आता?”

“कळलं की,” असं म्हणून यमुनाने करंगळीवर बोट ठेवलं.

डॉक्टर निघून गेले. मी तिच्यावर चिडले. “खोटं का बोलतेस?”

“मी कळत नाही म्हणाले तर तुम्ही लिहून ठेवता ना सिस्टर,” ती म्हणाली. “तुम्ही लिहिलं की ते खरं होतं.”

त्यानंतर ती खोटं बोलली नाही. पण बोलायचीच कमी झाली; पुढे पुढे तर पेन टेकायच्या आधीच ‘नाही’ म्हणून हात मागे घ्यायची. उजवा हात पदराखाली ठेवून व्हरांड्यात बसून राहायची. नोव्हेंबरच्या मध्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. “पाच महिने झाले. गोळ्या आता हळूहळू बंद करू. तिला आशेवर ठेवू नका, सिस्टर. बोटं सरळ राहतील एवढा व्यायाम शिकवा.”

हे तिला मी सांगायचं होतं. दोन दिवस मी टाळलं. तिसऱ्या दिवशी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे हा हात आता तात्याबाबांच्या हातासारखा?”

मी तिला बोटं सरळ करायचा व्यायाम दाखवायला लागले.

त्याच दुपारी तात्याबा पट्टीला आले. म्हणजे आले नाहीत, मी व्हरांड्यातून जाताना त्यांच्या धोतरावर रक्ताचे ठिपके पाहिले आणि त्यांना धरून आणलं. उजव्या तळव्यावर बारीक बारीक भोकं होती. मी मोजली. चौदा. दोन चिघळली होती.

“हे काय केलंत?”

“काय न्हाय. फूल धरलं व्हतं.”

“ते काट्यांचं? मुठीत?”

ते हसले. पुढचे दोन दात नव्हते त्यांचे. “बाई, त्ये फूल मुठीत धरता येतंय असा माणूस हितं म्या एकलाच हाय.”

मला हसू आलं नाही. रामलिंगची टाच अजून भरली नव्हती. सकाळचं यमुनाचं तोंड डोळ्यांसमोर होतं. आणि हा म्हातारा मी वर्षभर जपलेला हात कौतुकाने काट्यात घालत होता.

“उद्या सकाळी मी स्वतः कुदळ घेऊन येते,” मी म्हटलं. “एकही झाड ठेवणार नाही.”

तात्याबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाईट वाटलं असेल, पण ते वाद घालत बसले नाहीत. “उपटा,” म्हणाले. “तुमी तुमचा सबूद पाळला, फुलू दिलं. पर उन्हं आल्यावर या. आदी बघा, मग उपटा.”

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी कुदळ घेऊन मागच्या दाराने बाहेर पडले. थंडी होती. सूर्य माळाच्या कडेवरून नुकताच वर आला होता आणि ऊन अगदी आडवं येत होतं.

मी दोन महिन्यांत त्या वाफ्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. दगडी बांध तेवढा पाहायचे, तो शाबूत आहे ना, आणि वळायचे.

हिरवे गोळे आता हिरवे नव्हते. प्रत्येक गोळा उमलला होता. एक फूल नव्हतंच ते. एकेका चेंडूवर शंभर-दीडशे चिमुकली फुलं, प्रत्येकाला पाच पाकळ्या, आणि रंग कसा सांगू? पांढरा म्हणावा तर त्यात निळं होतं, निळा म्हणावा तर दुधात नीळ पडावी तेवढंच. वरून फुलायला सुरुवात झालेली, खाली अजून मिटलेली. दव काट्याकाट्याच्या टोकाला. आडव्या उन्हात एकेक काटा पेटल्यासारखा दिसत होता, आणि अशा शेदीडशे चेंडूंवर मधमाश्या. किती होत्या कुणास ठाऊक. जवळ गेल्यावर त्यांचा आवाज कानाने नाही, छातीत ऐकू येत होता. कुठल्याच काट्याला त्या अडत नव्हत्या.

माझ्या हातातली कुदळ केव्हा खाली टेकली, मला कळलं नाही. मी लहानपणापासून चर्चमध्ये गुडघे टेकत आले होते. त्या सकाळी कुणी न सांगता ते टेकावेसे वाटले.

“आलात व्हय,” तात्याबा म्हणाले.

ते बांधावर बसले होते. आणि त्यांच्या शेजारी यमुना होती. शाल पांघरून, पदराखाली हात घेऊन. तिला त्यांनीच बोलावून आणलं होतं.

“समदा माळ असा असायचा,” तात्याबा तिला सांगत होते. “मेंढरं पुडं, म्या मागं. सकाळच्या पारी चालत निघालं की वाटायचं, आबाळच खाली उतरलंय. मला भाकरीची सुदीक याद यायची न्हाय.”

यमुना उठली आणि बांध ओलांडून आत गेली. मला वाटलं, जवळून पाहायला जातेय.

“यमुना, आत नको जाऊ.”

ती एका उंच झाडासमोर उभी राहिली. तिने पदराखालून उजवा हात बाहेर काढला. तपासणी सोडली तर बऱ्याच दिवसांनी मी तो हात उजेडात बाहेर आलेला पाहत होते.

“बाबांना टोचत नाही,” ती आमच्याकडे न पाहता म्हणाली. “मला तरी कशाला टोचेल?”

“यमुना!”

मी बांधावरून उडी मारली, पण उशीर झाला. तिने त्या फुलाभोवती हात नेला आणि सगळा जोर लावून मूठ आवळली.

आणि हात मागे आला.

तिने घेतला नाही. तो आला. विस्तवाला लागल्यासारखा झटक्यात. “आई गं!” तिच्या तोंडून निघालं आणि ती मनगट पोटाशी धरून जागच्या जागी वाकली.

ते झाड हलत होतं. त्यावरच्या माश्या उडाल्या आणि पुन्हा बसल्या.

“काय झालं?” मी विचारलं. मला दिसलं होतं काय झालं ते.

“टोचलं,” यमुना म्हणाली. ती स्वतःच्या तळव्याकडे पाहत होती, जणू त्यातून कुणीतरी बोललं होतं. मग पुन्हा, मोठ्याने, “सिस्टर, टोचलं!”

“घाबरून ओढलास हात. काटे दिसले म्हणून.”

“नाही हो! टोचलं! अजून टोचतंय!”

मी तिला ओढतच बांधाबाहेर आणलं, दगडावर बसवलं. खिशातून पेन काढलं. तात्याबांना तिच्या डोळ्यांवर पदर धरायला सांगितला. मग मी पेन तळव्याच्या मधोमध टेकवलं.

तिने डावं बोट आणून बरोब्बर तिथे ठेवलं.

अंगठ्याच्या मुळाशी टेकवलं. बोट तिथे आलं. मधल्या बोटाच्या पेरावर. आलं. मग मी पेन हवेतच ठेवलं आणि डॉक्टरांसारखं विचारलं, “आता?”

ती थांबली. कान देऊन ऐकल्यासारखी. “आता नाही,” म्हणाली. “आता तुम्ही काही केलं नाही.”

करंगळीला कळलं नाही. तिच्या शेजारच्या बोटाला अर्धंच. पण बाकी सगळीकडे कळलं. मी वीस वेळा विचारलं आणि शेवटी मला पुढचं दिसेनासं झालं, कारण माझ्याच डोळ्यांत पाणी भरलं होतं.

त्या दिवशी डॉक्टरांनी दोनदा तपासलं आणि गोळ्या बंद करायचा विचार सोडून दिला. चैत्रात यमुना घरी गेली. करंगळी वाकडीच राहिली, पण ती बांगड्या भरायला बसू लागली, आणि एका वर्षी, बाजारात बायका तिच्याकडेच हात पुढे करतात असं तिचं पत्र आलं. पण ते सगळं नंतरचं. त्या सकाळी डोळ्यांवरचा पदर निघाला तेव्हा ती हसत होती आणि रडत होती आणि हाताला फुंकर घालत होती.

तात्याबा तिच्यासमोर उकिडवे बसले. बराच वेळ तिच्या तळव्यावरच्या रक्ताच्या थेंबांकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारलं,

“कसं असतंय गं त्ये?”

“काय, बाबा?”

“टोचतंय म्हंजी कसं असतंय? तीस वर्सं झाली. म्या इसरलो.”

मी जखमा धुवायला कापूस आणायचा विसरून तिथेच उभी राहिले. वर्षभर मी शिकवत होते की दुखणं हा तुमचा राखणदार आहे. ते दुखणं असतं कसं, हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर मला सांगताही आलं नसतं.

“मुंगी चावल्यासारखं,” यमुना म्हणाली.

“मुंगी बी इसरलो, पोरी.”

तिने पुन्हा विचार केला. तळवा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. “बाबा, दार लावलेलं असतं. बाहेरून कुणी हाक मारतं. आणि आतून कुणीतरी ‘ओ’ म्हणतं. तसं. एवढे दिवस मी नुसत्या हाका मारत होते.”

तात्याबांनी मान हलवली. त्यांना ते कळलं, असं दिसलं. ते उठले आणि माझ्यापाशी आले. वळलेल्या बोटांचे दोन्ही हात त्यांनी माझ्यापुढे धरले.

“बाई, माजं बी बघा की एकडाव.”

काय निघणार हे मला ठाऊक होतं. त्यांच्या कागदावर बारा वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं होतं, आणि त्यानंतर कुणी तपासायची तसदी घेतली नव्हती. मला ते करवेना. पण त्यांनी डोळे मिटलेसुद्धा होते.

मी कालच्या पट्टीच्या बाजूला पेन टेकवलं. ते ऐकत राहिले. बोटांवर टेकवलं. हाताच्या मागच्या बाजूला. चेहऱ्यावर काहीच हललं नाही. डावा हात, तसाच. मधमाश्यांचा आवाज तेवढा येत होता. मला थांबावंसं वाटेना. मी पेन वर नेलं आणि कोपरापाशी टेकवलं.

“ओ,” तात्याबा म्हणाले.

यमुनाने तोंडावर हात ठेवला. मी पेन बोटभर खाली आणलं.

“ओ.”

आणखी बोटभर खाली.

“ओ.”

मी खाली खाली येत राहिले आणि ते दरवेळी उत्तर देत राहिले, आवाज न चढवता, हजेरी द्यावी तसे. मनगटाच्या वर चार बोटांवर पेन टेकलं आणि ते गप्प राहिले. मी पुन्हा टेकवलं. गप्प. किंचित वर सरकवलं.

“ओ.”

मी पेन तिथेच ठेवलं. तात्याबांनी डोळे उघडले आणि पेनचं टोक कुठे आहे ते पाहिलं. मग कोपरापासून तिथपर्यंत नजर फिरवली, आणि पुन्हा कोपरापर्यंत नेली, शेताची हद्द पाहावी तशी.

“हितपतूर म्या हाय,” ते म्हणाले. “लय हाय की.”